पातेल्यातून जाणारी वाफ: स्वयंपाकघरातली ऊर्जा अडवायची कुठे आणि कशी

स्वयंपाकघरातली ऊर्जा वाचवायची म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी नवीन शेगडी येते, नाहीतर नवीन भांडी. माझं सांगणं असं की काहीही विकत घेण्याआधी घरातला वजनकाटा काढा. चुलीवर जाणारी ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा मोठा वाटा वाफ होऊन उडतो आणि वाफ मोजता येते. ती एकदा मोजली की पुढच्या बऱ्याच गोष्टी कुणी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पायरी पहिली: पातेलं वजनाला लावा

एका पातेल्यात दोन लिटर पाणी घ्या आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर उकळी आणा. उकळी फुटताच पातेलं काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. काट्यावर आधी लाकडी पाट किंवा जाड दुमडलेलं कापड ठेवा, म्हणजे काटा तापून बिघडणार नाही. पातेलं परत शेगडीवर ठेवा, तशीच मोठ्या आचेवर दहा मिनिटं उकळू द्या आणि पुन्हा वजन करा. जेवढं घटलं, तेवढं पाणी वाफ होऊन गेलं. मग हेच झाकण ठेवून आणि आच अगदी बारीक करून करा. उचलठेव करताना दोन्ही हातांना जाड कापड आणि शेगडीजवळ मोकळी जागा हवी. काट्याची क्षमता कमी असेल तर पाणी अर्धं घ्या.

आता हिशोब. एक लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच एक लिटर पाणी, उकळी आलेली असताना, पूर्ण वाफ करून टाकायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेसहा पटींहून जास्त. यातून एक सोपं माप हाताशी येतं: काट्यावर १५० ग्रॅम घट दिसली, तर एक लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी ऊर्जा वाफेबरोबर गेली. हे माप लक्षात ठेवा, खाली ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

पायरी दुसरी: उकळी आली की आच उतरवा

खळखळून उकळणारं पाणी आणि नुसते चार बुडबुडे येणारं पाणी, दोन्ही सारखंच गरम असतं. उघड्या भांड्यात पाण्याचं तापमान उकळीपाशी येऊन थांबतं. त्यानंतर दिलेली जास्तीची उष्णता पदार्थाला मिळत नाही, ती वाफेत जाते. बटाटा मोठ्या आचेवर लवकर शिजतो हा समज खूप घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. मोठी आच उकळी येईपर्यंत कामाची. त्यानंतर झाकण ठेवून आच इतकी कमी करायची की आतला आवाज ऐकू यावा, पण झाकण हलू नये.

झाकण म्हणजे नेमकं कसलं? भांड्याच्या कडेवर नीट बसणारं. महागाचं नको, पण एका बाजूने उचललेलं किंवा पोचे पडलेलंही नको. काचेचं झाकण असेल तर आत काय चाललंय ते न उघडता दिसतं, हा त्याचा खरा फायदा. उतू जाण्याची भीती वाटून अनेक जण झाकणच ठेवत नाहीत. उतू जाणं हेच आच जास्त असल्याचं लक्षण आहे. आच कमी केली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. तरी फेस येणारे पदार्थ असतील तर झाकण बोटभर तिरकं ठेवा.

एक अपवाद आहे: काही आटवायचं असेल तर वाफ जाऊ द्यावीच लागते. पण आटवण्याची गरज का पडली, हेही स्वतःला विचारावं. बहुतेक वेळा आपणच सुरुवातीला अंदाजाने पाणी जास्त ओतलेलं असतं आणि मग तेच उडवायला इंधन जाळतो. अर्धा लिटर पाणी आटवायचं म्हणजे साडेतीन लिटरच्या जवळपास गार पाण्याला उकळी आणण्याएवढी ऊर्जा. म्हणून रस्सा असो की सूप, पाणी आधी कमी घाला आणि लागेल तसं वाढवा. वाढवताना घालायचं पाणी गरम असू द्या, म्हणजे शिजणं मध्येच थांबत नाही.

पायरी तिसरी: आधण मापाचं ठेवा

अंडी किंवा बटाटे उकडताना भांडं काठोकाठ भरायची सवय असते. गरज नसते. झाकण घट्ट असेल तर तळाशी बोटभर पाणी पुरतं, कारण वरच्या भागाला वाफ शिजवते आणि ती वाफही १०० अंशांचीच असते. दोन लिटरऐवजी पाव लिटर पाणी तापवलं तर उकळीपर्यंतचा पाण्याचा खर्च आठवा हिस्सा. फक्त भांडं कोरडं पडू देऊ नका. आच बारीक असली की एवढं पाणी निवांत टिकतं.

तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकण्याची पद्धत काहींना आवडते. चवीचा प्रश्न असेल तर मी वाद घालणार नाही. पण काढून टाकलेलं पाणी १०० अंशांचं असतं आणि त्यात घातलेली सगळी उष्णता मोरीत जाते. निदान ते पाणी एखाद्या सूपमध्ये वापरा, म्हणजे तिथे गार पाणी तापवावं लागणार नाही.

उकळत्या पातेल्यावर चाळणी ठेवून तिच्यात भाज्या वाफवणं हा याचाच पुढचा भाग. वाफ जाणारच असेल तर वाटेत तिला एक काम सांगावं.

पायरी चौथी: आच लावण्याआधीचं काम

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमकं इकडेच लक्ष जात नाही. शिजायला लागणारा वेळ शेगडीवर कमी आणि ओट्यावर जास्त ठरतो.

उष्णता पदार्थाच्या आत फार सावकाश शिरते. तुकड्याची जाडी निम्मी केली तर आतपर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ निम्मा नाही, साधारण पाव होतो. चार सेंटिमीटरच्या फोडी दोन सेंटिमीटरच्या केल्या की ओट्यावर दोन मिनिटं जास्त जातात आणि शेगडीवरची त्याहून कितीतरी जास्त वाचतात. सगळ्या फोडी सारख्या आकाराच्या असाव्यात, कारण सगळ्यात मोठी फोड शिजेपर्यंत आच चालू राहते. लहान फोडी भरपूर पाण्यात उकळल्या तर त्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त निघून जातात. म्हणून त्या कमी पाण्यात किंवा वाफेवर शिजवाव्यात.

कडधान्यांचं गणित वेगळं आहे. कोरड्या दाण्याला शिजायला आधी पाणी आत घ्यावं लागतं आणि हे काम चुलीवर करवून घेणं म्हणजे भिजण्याच्या कामाला इंधन लावणं. रात्रभर, म्हणजे आठ तासांच्या आसपास, भिजवलं की हे काम फुकट होतं. रात्री विसरलात तर उकळतं पाणी ओतून झाकून तासभर ठेवा. पूर्ण भिजणार नाही, पण फरक पडेल. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं मऊ होतात, कारण सालीला ताठ ठेवणाऱ्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी मिठातलं सोडियम जाऊन बसतं. मिठाने कडधान्य शिजत नाही असं सांगितलं जातं. भिजवताना घातलेल्या मिठाबाबत अनुभव उलटा येईल.

खरं अडवतं ते आंबट. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर हे दाणे मऊ झाल्यावरच घाला. आम्लामुळे दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा तासन् तास टणक राहतो. खाण्याचा सोडा उलट काम करतो, चिमूटभर घातला तरी शिजायचा वेळ बराच कमी होतो. पण जास्त झाला तर चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं. पाणी जड असेल, म्हणजे त्यात क्षार जास्त असतील, तरच मी सोडा वापरायला सांगेन. फार जुनं कडधान्य मात्र कशानेच लवकर शिजत नाही, म्हणून साठा थोडा ठेवा आणि जुनं आधी संपवा.

पायरी पाचवी: प्रेशर कुकर नीट वापरा

उघड्या भांड्यात १०० अंशांवर अडलेलं पाणी दाबाखाली आणखी तापतं. साध्या हवेच्या दाबावर आणखी एक पट दाब दिला की ते सुमारे १२० अंशांना उकळतं. हे तत्त्व वापरून दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये पहिलं असं भांडं केलं आणि त्याला पुढे सुरक्षेची झडपही लावली. वीस अंश थोडे वाटतात, पण शिजण्याच्या क्रिया तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात, म्हणून तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांवर येतं. उंच डोंगराळ भागात तर कुकरला पर्यायच नाही. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणून तिथल्या उघड्या पातेल्यात पदार्थ नुसता रटरटत राहतो.

कुकर असूनही ऊर्जा वाया जाते ती शिट्ट्यांमध्ये. प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ, आणि वाफेची किंमत आपण वर मोजली आहे. पहिली शिट्टी झाली याचा अर्थ आत पुरेसा दाब झाला. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी दाब वाढत नाही, झडप तो वाढू देत नाही. म्हणून पहिल्या शिट्टीला आच अगदी बारीक करा आणि शिट्ट्या न मोजता घड्याळाकडे बघा. कोणत्या पदार्थाला किती मिनिटं लागतात हे दोन-तीन वेळा लिहून ठेवलं की अंदाज पक्का होतो. शेवटी आच बंद करून वाफ आपली आपण जिरू द्या. त्या दहा-बारा मिनिटांतही पदार्थ शिजत असतो, तेवढी मिनिटं आधीच वजा करा. शिट्टी उचलून वाफ घाईने काढणारे ही फुकटची उष्णता सोडून देतात.

कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. कडधान्यं फेसाळतात, फुगतात, म्हणून त्यांच्यासाठी अर्ध्यावर थांबा. वाफेचं भोक दर वेळी उजेडाकडे धरून बघा. रबर ढिलं झालं असेल तर बदला: कडेने वाफ जात असेल तर दाब धरतच नाही आणि आच उगाच जळत राहते.

पायरी सहावी: ज्योत आणि बूड

गॅसची ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी, भांड्याला काजळी लावणारी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही. इंधन वाया जातंच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. बर्नर गार झाल्यावर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, भोकं पिनेने मोकळी करा आणि पूर्ण कोरडा करूनच बसवा. तरी ज्योत पिवळीच राहिली तर जाणकाराकडून हवेचं प्रमाण तपासून घ्या. आणि बचतीच्या नादात खिडकी बंद करून गॅस पेटवू नका, ज्योत निळी असली तरीही.

ज्योत भांड्याच्या बुडाखाली मावली पाहिजे. बाजूने वर चढणारी ज्योत खोली तापवते. विजेच्या गोल शेगडीवर हाच हिशोब क्षेत्रफळाचा होतो: २० सेंटिमीटरच्या शेगडीवर १५ सेंटिमीटरचं भांडं ठेवलं तर तापलेला जवळजवळ ४४ टक्के भाग उघडा पडतो. बूड सपाट हवं, गोलसर झालेलं भांडं अशा शेगडीवर मधल्या थोड्याशा भागावरच टेकतं.

इंडक्शनमध्ये उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते, म्हणून तिचा ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा पदार्थाला मिळतो. गॅसवर हे प्रमाण बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असतं. भांडं चालेल की नाही ते बुडाला लोहचुंबक लावून कळतं. तरीही नुसत्या या आकड्यांवर चालू शेगडी टाकून देऊ नका. कोळशावर किंवा गॅसवर वीज तयार करतानाही इंधनातली निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता वाया गेलेली असते. शेगडी बदलायचीच असेल तेव्हा इंडक्शनचा विचार जरूर करा. विशेषतः वीज सूर्यापासून किंवा पाण्यापासून येत असेल तर.

जाड बुडाच्या भांड्यांबद्दल खूप दावे ऐकू येतात. दोन किलोचं लोखंडी भांडं २० ते १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ७२ किलोज्यूल लागतात, म्हणजे पेलाभर पाण्याएवढेच. तासभर शिजणाऱ्या पदार्थाला हे काहीच नाही, आणि जाड भांडं नंतर उष्णता धरूनही ठेवतं. दोन मिनिटांच्या कामाला मात्र पातळ, लहान भांडंच बरं.

पायरी सातवी: आच बंद, शिजणं चालू

भात, अंडी, पास्ता, भाज्या यांची आच शेवटची काही मिनिटं आधी बंद करून झाकण न उघडता ठेवली तरी त्या शिजतात. पाण्याचं तापमान झाकणाखाली हळूहळूच उतरतं.

याच गोष्टीचा विस्तार म्हणजे उबेची पेटी. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली अशी पेटी दाखवली गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये गवत भरलेल्या पेट्यांमध्ये लोक इंधन वाचवत. घरी करायला एक खोका आणि दोन जुन्या रजया पुरतात. तळाशी आणि बाजूंनी वीतभर जाड थर करा, मध्ये पातेलं घट्ट बसेल एवढी जागा ठेवा आणि वरून उशी दाबा. पदार्थ झाकण ठेवून दहा मिनिटं चांगला उकळा, झाकण न उघडता पातेलं पेटीत ठेवा आणि तीन-चार तास हात लावू नका. पातेलं भरलेलं हवं. दोन लिटरपेक्षा कमी ऐवज असेल तर तो लवकर निवतो.

इथे काही नियम मोडायचे नाहीत. पेटीतला पदार्थ ६० अंशांच्या खाली रेंगाळला तर जंतू वाढतात, म्हणून चार तासांच्या आत काढून एकदा खळखळून उकळा आणि मगच खा. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं, शक्यतो अर्धा तास, पूर्ण उकळल्याशिवाय पेटीत ठेवूच नका. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन कमी तापमानावर नष्ट होत नाही. मांसाचे मोठे तुकडे सुरुवातीला या पेटीत करू नका.

केटल, मायक्रोवेव्ह, ओव्हन

नुसतं पाणी तापवायला विजेची केटल उत्तम, कारण तापणारा भाग पाण्याला चिकटलेला असतो. साधारण एका युनिटमध्ये नऊ लिटरच्या आसपास पाणी उकळतं. पेल्याने मोजून तेवढंच भरा. तळाशी पांढरा थर आला की व्हिनेगर घातलेलं पाणी उकळून तासभर ठेवा आणि दोनदा धुवा.

मायक्रोवेव्ह एक-दोन ताटं गरम करायला चांगला. पाच माणसांचं जेवण किंवा लिटरभर पाणी त्यात तापवू नका.

ओव्हनमध्ये पदार्थापेक्षा ओव्हनच जास्त तापतो. म्हणून एकदा तापवला की दोन-तीन गोष्टी लागोपाठ भाजा, दार उघडून बघण्याऐवजी काचेतून बघा आणि पाच-दहा मिनिटं आधी बंद करा. पंखा असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवता येतं. पाव आणि केक सोडले तर ओव्हन आधी तापवून ठेवायची फारशी गरज नसते.

फ्रीज

शेगडी दिवसातून दोन-तीन तास चालते, फ्रीज चोवीस तास. फ्रीजचं तापमान ४ अंश आणि फ्रीजरचं उणे १८ अंश असावं. एका पेल्यात पाणी घालून त्यात थर्मामीटर रात्रभर ठेवला की खरा आकडा कळतो, बटणावरच्या क्रमांकावरून तो कळत नाही.

दार सारखं उघडू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आकडे वेगळं सांगतात. दोनशे लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा बदलली तरी दमटपणासकट दहा-पंधरा किलोज्यूलचं काम वाढतं. ३० अंशांचं एक लिटर पाणी आत ठेवलं तर ते ५ अंशांवर आणायला १०० किलोज्यूलहून जास्त उष्णता बाहेर काढावी लागते. त्यामुळे दार उघडल्यावरून घरच्यांना रागावण्याऐवजी आत काय आणि किती गरम जातंय ते बघा. उरलेलं अन्न पसरट भांड्यात काढून निवू द्या, मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. ओले पदार्थ झाकूनच ठेवा. फ्रीजरमधलं गोठलेलं काही दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा: वितळताना दर किलो बर्फ सुमारे ३३४ किलोज्यूल शोषून घेतो आणि तेवढं काम फ्रीजला करावं लागत नाही.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा; कागद सहज ओढून निघाला तर तिथून गारवा जातो. रबर आधी कोमट पाण्याने पुसून बघा, पुष्कळदा चिकटलेला मळच कारण असतो. मागच्या जाळीवरची धूळ सहा महिन्यांनी प्लग काढून झटका आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. फ्रीजरमध्ये बोटाएवढा बर्फ जमला की तो वितळवून काढा, चाकूने खरवडू नका.

फ्रीजची वीज मोजायला प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर मिळतो. तासाभराच्या आकड्यावर जाऊ नका, कारण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. पूर्ण २४ तास मीटर लावून ठेवा आणि युनिट लिहून घ्या. जाळी आणि रबर साफ केल्यावर, खोलीचं तापमान साधारण तेवढंच असेल अशा दिवशी, पुन्हा २४ तास लावा.